संचालक मंडळांना खुले पत्र : २०२४ च्या ताळेबंदात न दिसणारे काम

प्रति,
तंत्रज्ञान क्षेत्रातील कंपन्यांची संचालक मंडळे

दिनांक : ३१ डिसेंबर २०२४

माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

वर्ष संपता संपता आपल्यापुढे वर्षभराचे आढावे ठेवले जातात. कोणते नवे उत्पादन आले, महसूल किती वाढला, समभाग कुठवर चढला, कोणता प्रकल्प गुंडाळावा लागला, हे त्यांत नेमकेपणाने मांडलेले असते. मी गेली अनेक वर्षे संगणक यंत्रणांच्या देखभालीचे काम करतो. माझ्या कामाची नोंद अशा आढाव्यांत होते ती खर्चाच्या रकान्यात, आणि बहुधा तो खर्च पुढच्या वर्षी किती कमी करता येईल या प्रश्नासह. त्या रकान्याबद्दलच मला आपल्याशी बोलायचे आहे, कारण सरत्या वर्षातली मोठी पडझड आणि मोठे यश शेजारीशेजारी ठेवून पाहिले तेव्हा दोन्हींचा निकाल तिथेच लागलेला मला दिसला.

सुरुवात १९ जुलैच्या शुक्रवारापासून करतो. त्या दिवशी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ४ वाजून ९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने आपल्या फाल्कन या संरक्षक प्रणालीची एक कॉन्फिगरेशन फाइल ग्राहकांच्या संगणकांकडे रवाना केली, आणि थोड्याच वेळात विंडोजवर चालणारे संगणक निळ्या पडद्यावर येऊन थांबू लागले. कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. जगातल्या एकूण विंडोज संगणकांच्या तुलनेत हा आकडा एक टक्क्याहूनही कमी भरतो. तरीही विमानतळ, रुग्णालये, बँका आणि दूरचित्रवाहिन्या एकाच वेळी अडल्या, आणि एकट्या डेल्टा एअरलाइन्सला पुढच्या काही दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द करावी लागली.

दुरुस्ती सांगायला सोपी होती : संगणक सेफ मोडमध्ये सुरू करायचा, ती फाइल काढून टाकायची आणि पुन्हा सुरू करायचा. अडचण अशी की जो संगणक सुरूच होत नाही त्याला दुरून दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे प्रत्येक यंत्रापाशी माणसाने जाऊन बसणे भाग होते. डिस्क कूटबद्ध केलेली असेल तर त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की हाताने भरावी लागत होती. मी त्या दिवशी जिथे काम करत होतो तिथे या रिकव्हरी कींची यादी ज्या सर्व्हरवर ठेवली होती, तो सर्व्हरही निळा पडदा दाखवत बंद होता. त्या यादीची एक प्रत वेगळ्या जागी ठेवावी ही सूचना आमच्यातल्या एका सहकाऱ्याने आदल्या वर्षीच लेखी दिली होती आणि ती 'तातडीची नाही' असा शेरा मारून परत आली होती. त्या रात्री फोनवर एकेक अंक वाचून दाखवताना आणि पलीकडून तो पुन्हा ऐकून पडताळताना तो शेरा मला वारंवार आठवत होता.

क्राउडस्ट्राइकने ६ ऑगस्टला कारणांचा जो तपशीलवार अहवाल प्रसिद्ध केला, तो आपण प्रत्येकाने स्वतः वाचावा असे मला मनापासून वाटते. तांत्रिक भाषा बाजूला ठेवली तर दोष साधा होता. अशा फाइलींसाठीच्या नव्या साच्यात २१ रकाने ठरवले होते, पण प्रत्यक्षात तपासणी करणाऱ्या प्रोग्रामला २० रकान्यांचीच माहिती पुरवली जात होती. आधीच्या चाचण्यांत एकविसाव्या रकान्यात 'काहीही चालेल' अशी मोकळीक ठेवलेली असल्याने ही तफावत कधी उघडी पडली नाही. ज्या दिवशी त्या रकान्यात पहिल्यांदा ठोस अट आली, त्या दिवशी प्रोग्राम नसलेली माहिती वाचायला गेला. आणि तो ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात चालत असल्याने पडताना संपूर्ण संगणकाला घेऊन पडला. याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. अशी फाइल आधी थोड्या संगणकांवर पाठवून पाहण्याची पद्धतच नव्हती. ज्या ग्राहकांनी प्रणालीची नवी आवृत्ती एक पायरी मागे राहूनच घ्यायची, अशी सावध सोय निवडली होती, त्यांच्याकडेही ही फाइल इतरांबरोबरच पोहोचली, कारण ती सोय या प्रकारच्या फाइलींना लागूच नव्हती. सावध ग्राहकाची सावधगिरी त्याच्या नकळत निरुपयोगी ठरलेली होती.

या कंपनीने नंतर टप्प्याटप्प्याने वितरण सुरू केले आणि ग्राहकांना निवडीचा अधिकार दिला, हे नमूद करणे न्यायाचे आहे. पण टप्प्याटप्प्याने पाठवणे ही गोष्ट जुलै २०२४ मध्ये कुणी नव्याने शोधून काढली नाही. देखभाल करणारा कोणताही माणूस नोकरीच्या पहिल्या वर्षातच ती शिकतो. मग एवढ्या मोठ्या कंपनीत ती का नव्हती? बाहेरच्या माणसाने या प्रश्नाचे उत्तर देऊ नये. पण आपल्या स्वतःच्या कंपनीत अशी कोणती गोष्ट सगळ्यांना माहीत असूनही केलेली नाही, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार आणि कर्तव्य आपलेच आहे.

दुसरी घटना टळली, म्हणून तिची चर्चा कमी झाली. २९ मार्चला अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टमधील अभियंत्याने जाहीर केले की एक्सझेड या, लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या, माहिती आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरवाट ठेवलेली आहे. ते दुसऱ्याच कामाची गती मोजत असताना दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्यांच्या लक्षात आले, आणि त्यांनी त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला. चोरवाट अजून प्रामुख्याने चाचणीसाठीच्या लिनक्स आवृत्त्यांतच पोहोचली होती. ती स्थिर आवृत्त्यांत जाऊन जगभरच्या सर्व्हरांवर बसली असती, तर मी हे पत्र वेगळ्या स्वरात लिहिले असते.

चोरवाट घालणाऱ्याने 'जिया टॅन' हे नाव घेतले होते. दोन वर्षांहून अधिक काळ त्याने त्या प्रकल्पात प्रामाणिक वाटेल असे काम केले, विश्वास मिळवला आणि शेवटी देखभालीचे अधिकार मिळवले. हे शक्य झाले कारण हा प्रकल्प वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच माणूस, लासे कॉलिन, सांभाळत होता. त्यांनी २०२२ मध्येच उघडपणे लिहिले होते की मानसिक स्वास्थ्याच्या दीर्घकालीन अडचणींमुळे आपल्या कामावर मर्यादा आल्या आहेत, आणि हा विनामोबदला केलेला छंदाचा प्रकल्प आहे हेही लोकांनी ध्यानात ठेवावे. आजूबाजूचे काही जण मात्र काम लवकर होत नाही म्हणून त्यांच्यावर दबाव आणत होते आणि दुसऱ्या कुणाकडे अधिकार द्या असे सुचवत होते. आपल्यापैकी अनेकांच्या कंपन्यांचे सर्व्हर या माणसाच्या मोकळ्या वेळेवर उभे होते. त्याची थकवा सांगणारी ओळ सार्वजनिक होती आणि कुणीही वाचू शकत होते. ती वाचून त्याला सहायक मिळवून देण्याचा खर्च आपल्या कोणत्याही जाहिरातीच्या खर्चापुढे नगण्य ठरला असता.

फेब्रुवारीतला चेंज हेल्थकेअरवरचा हल्ला तर याहूनही साध्या कारणाने झाला. अमेरिकेतली औषधांची दुकाने, रुग्णालये आणि विमा कंपन्या यांच्यातले दाव्यांचे व्यवहार ही कंपनी हाताळते. दुरून आत येण्याच्या एका दारावर दुहेरी पडताळणी नव्हती, आणि चोरलेल्या पासवर्डने हल्लेखोर त्याच दारातून शिरले. मालक असलेल्या युनायटेडहेल्थ समूहाचे प्रमुख अँड्र्यू विटी यांनी ही गोष्ट मे महिन्यात अमेरिकी संसदेच्या समित्यांसमोर मान्य केली, आणि सुमारे २ कोटी २० लाख डॉलर खंडणी दिल्याचेही सांगितले. सुमारे १० कोटी लोकांची माहिती बाधित झाल्याची नोंद ऑक्टोबरपर्यंत सरकार दरबारी झाली होती. युनायटेडहेल्थने ही कंपनी २०२२ मध्ये विकत घेतली होती. खरेदीच्या वेळी तिची किंमत ठरवायला तज्ज्ञांची फौज बसली असणार; तिची दारे मोजायलाही कुणी बसायला हवे होते.

सॉफ्टवेअर सोडून थोडे बाहेर येतो, कारण हा प्रश्न फक्त संगणकांचा नाही. ५ जानेवारीला अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाचा, वापरात नसलेल्या दाराच्या जागी बसवलेला, भाग सुमारे १६ हजार फुटांवर निखळून पडला. विमानात १७७ माणसे होती आणि सर्व जण वाचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एका महिन्यात प्राथमिक अहवाल दिला : तो भाग धरून ठेवणारे चार बोल्ट बसवलेलेच नव्हते असे पुरावे सांगत होते. शेजारचे खराब झालेले रिव्हेट दुरुस्त करण्यासाठी कारखान्यात तो भाग उघडला गेला होता, आणि तो उघडल्याची नोंदच सापडत नव्हती. बोइंग कंपनीने २०१३ ते २०१९ या काळात स्वतःचे समभाग परत विकत घेण्यावर सुमारे ४३ अब्ज डॉलर खर्च केले, आणि या वर्षी ऑक्टोबरमध्ये रोकड उभी करण्यासाठी तिला २० अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे समभाग विकावे लागले. सुमारे ३३ हजार कामगार संपावर गेले. बोइंगचेच स्टारलायनर यान जूनमध्ये दोन अंतराळवीरांना घेऊन सुमारे आठ दिवसांसाठी गेले आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्याशिवाय परत आले. बोल्टची नोंद आणि समभागांची खरेदी यांचा थेट संबंध मी जोडत नाही. पण कंपनीच्या वरच्या मजल्यावर कित्येक वर्षे कोणत्या आकड्यावर नजर खिळलेली होती, हे त्या ४३ अब्जांतून कळते.

एवढे वाचून आपल्याला वाटेल की हा माणूस फक्त पडझड मोजतो आहे. तसे नाही. या वर्षाने मला ज्या दोन गोष्टींचा अपार आनंद दिला त्याही सांगितल्या पाहिजेत, आणि त्यांतली पहिली कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात नाही.

१९७७ मध्ये निघालेले व्हॉयेजर १ हे यान नोव्हेंबर २०२३ पासून निरर्थक संदेश पाठवू लागले. पृथ्वीपासून ते तेव्हा सुमारे २४ अब्ज किलोमीटरवर होते. एक आज्ञा पोहोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तितकेच तास लागत होते. नासाच्या जेट प्रोपल्शन प्रयोगशाळेतल्या अभियंत्यांनी दशकांपूर्वीची कागदपत्रे धुंडाळून शोध लावला की माहिती बांधून पाठवणाऱ्या संगणकातली एक मेमरी चिप निकामी झाली आहे. चिप बदलणे अशक्य होते आणि तिच्यावरचा प्रोग्राम अखंड मावेल इतकी दुसरी मोकळी जागाही नव्हती. म्हणून त्यांनी तो प्रोग्राम तुकड्यातुकड्यांत कापला, तुकडे उरलेल्या मेमरीत निरनिराळ्या ठिकाणी बसवले आणि सगळे मिळून पूर्वीसारखेच चालतील अशा तऱ्हेने त्यांचे धागे जुळवले. पहिला बदल १८ एप्रिलला पाठवला. २० एप्रिलला उत्तर आले आणि यानाची स्थिती पाच महिन्यांनी पुन्हा कळली. ज्यांनी हे यान बांधले त्यांतले कित्येक जण आज हयात नाहीत, पण त्यांनी लिहून ठेवलेले कागद हयात होते. २०२४ मधली माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी तांत्रिक कामगिरी ही आहे, आणि ती दुरुस्तीची आहे.

दुसरी गोष्ट स्टॉकहोमहून आली. रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अर्धे डेव्हिड बेकर यांना आणि अर्धे प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या अल्फाफोल्डसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळाले. कृत्रिम बुद्धिमत्तेचा हा विजय म्हणून साजरा झाला, आणि तो आहेच. परंतु अल्फाफोल्ड जे शिकले ते प्रोटीन डेटा बँक या संग्रहातून. हा संग्रह १९७१ मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाला. तेव्हापासून जगभरच्या शास्त्रज्ञांनी एकेक रचना महिनोन्‌महिने प्रयोग करून शोधली आणि ठरलेल्या नमुन्यात तिथे जमा केली, आणि काही माणसांनी ती तपासून, लावून, सर्वांना विनामूल्य मिळेल अशी ठेवली. पन्नास वर्षे कुणीतरी माहिती नीट सांभाळली नसती तर शिकायला काहीच नव्हते. आज आपल्या कंपन्या संगणनक्षमतेवर प्रचंड भांडवल लावत आहेत. नीट सांभाळलेली माहिती मात्र भांडवल ओतून एका तिमाहीत तयार होत नाही.

एनव्हिडिया या चिप कंपनीची वर्षभरातली चढण आणि तिच्याच क्षेत्रातल्या इंटेलची घसरण आपल्याला माझ्याहून चांगली ठाऊक आहे. जूनमध्ये एनव्हिडिया काही काळ जगातली सर्वांत मूल्यवान कंपनी झाली; ऑगस्टमध्ये इंटेलने १५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचे जाहीर केले; नोव्हेंबरमध्ये डाऊ जोन्स निर्देशांकात इंटेलची जागा एनव्हिडियानेच घेतली, आणि डिसेंबरच्या पहिल्या दिवशी इंटेलचे प्रमुख पॅट गेल्सिंगर पायउतार झाले. मला यात एकच गोष्ट जोडायची आहे. एनव्हिडियाच्या यशाचा पाया असलेली, ग्राफिक्स चिपवर इतर गणनेही करू देणारी कुडा ही प्रणाली २००६ मध्ये जाहीर झाली होती. तिच्यावर फारसा परतावा दिसत नव्हता तेव्हाही कंपनीने वर्षानुवर्षे तिची साधने, दस्तऐवज आणि तयार प्रोग्रामांचे संग्रह जपले आणि वाढवले. बाजाराला दिसलेले २०२४ चे शिखर अठरा वर्षांच्या सांभाळावर उभे आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल या पत्रात मी एका लहान निवाड्यापुरतेच बोलेन. फेब्रुवारीत कॅनडातील ब्रिटिश कोलंबियाच्या एका न्यायाधिकरणाने एअर कॅनडाला एका प्रवाशाला सुमारे ८०० कॅनेडियन डॉलर द्यायला लावले. आजीच्या निधनानंतर प्रवास करणाऱ्या या माणसाला कंपनीच्या चॅटबॉटने सवलतीचा नियम चुकीचा सांगितला होता. चॅटबॉट स्वतःच्या कृत्यांना स्वतंत्रपणे जबाबदार आहे असा पवित्रा कंपनीने घेतल्याची नोंद न्यायाधिकरणाने केली आणि तो फेटाळला. संकेतस्थळावरच्या सर्व माहितीची जबाबदारी कंपनीचीच आहे, मग ती साध्या पानावर असो वा चॅटबॉटकडून येवो. रक्कम क्षुल्लक आहे. तरीही आपल्या कंपनीने बसवलेली प्रत्येक यंत्रणा काय बोलते, काय पुसते आणि काय नाकारते, याचे उत्तरदायित्व शेवटी आपल्या टेबलापाशी येते, हे एवढ्या स्पष्टपणे सांगणारा निवाडा मला या वर्षात दुसरा दिसला नाही.

आता विनंती.

पुढच्या काही महिन्यांत आपले वार्षिक अहवाल छापले जातील. जोखमींचा एक विभाग त्यांत आजही असतो, पण तो वकिलांनी लिहिलेला असतो आणि त्यात 'असे घडू शकते' या रूपातली वाक्ये असतात. त्या विभागाशेजारी 'असे घडले' सांगणारे एक प्रकरण आपण द्यावे. या वर्षात आपल्याकडे काय बंद पडले, किती वेळ, त्याचा त्रास कुणाला झाला, मूळ कारण काय निघाले, ते आधी कुणी लेखी सांगितले होते का, आणि सांगितले असेल तर त्या कागदाचे पुढे काय झाले, हे त्यात ते काम करणाऱ्या अभियंत्यांच्या भाषेत असावे. विमान उद्योगात प्रवास आज जितका सुरक्षित आहे, त्यामागे अपघाताचे कारण सर्वांसमोर मांडण्याची दशकांची शिस्त आहे. बोइंगच्या चार बोल्टांबद्दल आपल्याला महिन्याभरात कळले ते त्या शिस्तीमुळेच. सॉफ्टवेअरच्या कारखान्यांवर असे बंधन जवळपास नाही. ते येईपर्यंत आपण स्वतः होऊन ते पाळावे.

त्या प्रकरणासोबत दोन आकडे असावेत. आपली उत्पादने एक्सझेडसारख्या ज्या मुक्त, सर्वांना खुल्या प्रकल्पांवर उभी आहेत त्यांची संख्या किती आणि त्यांच्या देखभालीसाठी आपण वर्षात किती रक्कम किंवा किती माणसांचा वेळ दिला, हा पहिला. 'तातडीची नाही' म्हणून परत पाठवलेल्या देखभालीच्या सूचना वर्षाअखेर किती शिल्लक आहेत, हा दुसरा. हे आकडे पहिल्या वर्षी वाईटच येतील याची मला खात्री आहे. भागधारक प्रश्न विचारतील, आणि ते विचारले जावेत म्हणूनच मी ही मागणी करतो आहे. कारण प्रश्न विचारला गेला की त्या रकान्याला मंडळाच्या बैठकीत दहा मिनिटे मिळतात. आज मला माहीत असलेल्या बहुतेक ठिकाणी ती मिळत नाहीत.

आणखी एक. नोकरकपातीच्या याद्या करताना कोण काय सांभाळतो हे त्या त्या चमूला विचारल्याशिवाय नावे ठरवू नका. मी अशा एका कपातीनंतर तीन आठवडे एका यंत्रणेचा पासवर्ड बदलण्याची पद्धत शोधत होतो, कारण ती ज्या एका बाईंना ठाऊक होती त्यांना एका दिवसाच्या सूचनेवर घरी पाठवले होते. त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी मन मोठे करून अर्धा तास सगळे समजावून दिले. त्या अर्ध्या तासाचे त्यांना काहीही मिळाले नाही.

आपल्यापैकी ज्यांना हे पटते आहे त्यांनी जानेवारीच्या पहिल्या बैठकीत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा, आणि त्या बैठकीला प्रमुख अधिकाऱ्यांसोबत १९ जुलैच्या रात्री आपल्या कंपनीत जो माणूस यंत्रांपाशी बसला होता त्यालाही बोलवावे. तो कोण होता हे आपल्याला विचारून शोधावे लागेल. त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बरेचसे त्याने आधीच लिहून दिलेले असेल.

आपला विश्वासू,
संगणक यंत्रणांच्या देखभालीचे काम करणारा एक अभियंता